लिंबाने घासलेलं नाणं

मुअल्ला : लिंबाने?

बेद्री : लिंबू आणि जाडं मीठ. आधी राख लावून बघितली, पण नुसतंच काळं काळं निघायला लागलं. मग दिवसभर लिंबाच्या रसात बुडवून ठेवलं आणि दुकानातल्या ब्रशने घासलं. बघा ना, कसं झळकतंय!

मुअल्ला : कुठलं दुकान?

बेद्री : पास्तिर्माचं, मेथी-लसूण फासून सुकवलेल्या मांसाचं. जुन्या बाजारात, किल्ल्याच्या मागे. ज्या ब्रशने वजनं घासतो त्यानेच घासलं. आमची वजनं बघायला माणसं येतात.

मुअल्ला : तरीच या नाण्याला मेथी-लसणाचा वास मारतोय. बेद्री बे, याच्यावर अठराशे वर्षं चढलेला हिरवा थर होता. तो मळ नव्हता. त्याची कातडी होती. तुम्ही सोललंत त्याला.

नेबाहत : मी सांगितलं होतं. हात लावू नकोस म्हटलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झाला, तरी चकाकणारं काही दिसलं की याचे हात शिवशिवतात.

बेद्री : ताई, तू सांगितलंस ते घासून झाल्यावर.

नेबाहत : तू विचारलंस ते घासून झाल्यावर! माफ करा हं, मुअल्ला हानम. मी आयुष्यभर इस्पितळात नर्स होते. जखमेला हात लावू नका म्हटल्यावर सगळ्यात आधी हात लावणारी माणसं मला ओळखू येतात. हा माझा सख्खा भाऊ.

बेद्री : झालं? संपलं कौतुक? आता मुद्द्यावर येऊ. बाई, तुम्ही अठराशे म्हणालात. इथेच हिशेब चुकला तुमचा. सिकंदर त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला.

मुअल्ला : कोण सिकंदर?

बेद्री : हा काय. कुरळे केस, डोक्याला पानांची माळ.

मुअल्ला : बावीस वर्षं मी संग्रहालयाच्या या टेबलाशी बसतेय. इथे आलेला प्रत्येक माणूस सिकंदरच घेऊन येतो. एकाने तर लष्करी कोटाचं बटण आणलं होतं. तोही सिकंदर.

बेद्री : आमचं बटण नाही.

मुअल्ला : नाही, तुमचं नाणं आहे. खरं आहे. आणि सिकंदर नाही.

बेद्री : असं कसं? आमची आजी कोझानाची. आत्ता ग्रीसमध्ये आहे ते. सिकंदर त्याच मुलखातला. चोवीस साली अदलाबदल झाली, तिकडचे मुसलमान इकडे आणि इकडचे ख्रिस्ती तिकडे, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे नाणं घागऱ्याच्या काठात शिवून आणलं तिने. बोटीत लोक ओकत होते, मरत होते, पण पोरीने घागरा सोडला नाही. ही गोष्ट आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहे. आणि शुक्रवारी मी ते परत नेतोय.

मुअल्ला : कुठे परत नेताय?

नेबाहत : आता आलं खरं कारण. सांग, सांग त्यांना.

बेद्री : अहो, आमच्यासारख्या लोकांची एक बस जातेय. आजी-आजोबांची गावं बघायला. आई म्हणाली, मी आता जात नाही, सुरकुत्या पडल्या, तू जा आणि हे नाणं तिकडे पोचतं कर. म्हणजे आजीच्या गावच्या मातीत पुरायचं. तिकडच्या लोकांना कळवलंय आम्ही. छोटा समारंभ आहे. मी भाषण लिहिलंय.

नेबाहत : चार पानी. त्यात सिकंदर अकरा वेळा येतो. मी मोजलाय.

मुअल्ला : आणि सरहद्दीवरून नाणं कसं नेणार होतात?

नेबाहत : कोटाच्या अस्तरात. काल याच्याकडे इस्त्री करायला गेले तर हाताला टणक लागलं. याच्यादेखत उसवलं मी ते.

मुअल्ला : बेद्री बे, वारशात आलेलं असलं तरी असं नाणं आधी संग्रहालयाला दाखवावं लागतं. आणि देशाबाहेर न्यायचंच नाही. पकडले गेलात तर भाषण तुरुंगात करावं लागेल.

बेद्री : मी विकायला थोडंच नेतोय! पुरायला नेतोय!

मुअल्ला : ते तुम्ही शिपायाला समजावून सांगा. मी इथे बसून ऐकेन.

बेद्री : म्हणजे आमच्याच आजीचं नाणं, आमच्याच आजीच्या गावी न्यायचं नाही. वा! कायदा आहे की थट्टा?

मुअल्ला : आजीच्या गावचं असेल तर पुढचा प्रश्न. इकडे या. खुर्ची पुढे घ्या. हे भिंग. टेकवू नका त्याच्यावर, वरून बघा. डोक्याभोवती अक्षरं दिसतात?

बेद्री : तुटकी तुटकी.

मुअल्ला : होती थोडी धड, पण लिंबू पडलं त्यांच्यावर. तरी एवढं वाचता येतंय. हा गॉर्डियन. रोमचा सम्राट. तेराव्या वर्षी गादीवर बसवला, एकोणिसाव्या वर्षी मेला.

नेबाहत : अरेरे. पोरच की.

बेद्री : सिकंदराऐवजी हे पोर? हे मी भाषणात कुठे घालू?

मुअल्ला : आता उलटवा. ही मागची बाजू. काय दिसतंय?

बेद्री : मधमाश्यांचं पोळं. आम्ही लहानपणापासून याला पोळंच म्हणतो. आमचे वडील म्हणायचे, कोझानाचा मध प्रसिद्ध, म्हणून.

मुअल्ला : कोझानाचा मध?

नेबाहत : वडिलांना कुठल्याही गोष्टीचं कारण विचारलं की पाच मिनिटांत मिळायचं. हा त्यांच्यावर गेलाय.

मुअल्ला : पोळ्याखाली चौकोनी ओटा आहे. वेदी आहे ती. आणि हे पोळं नाही, खडक आहेत, एकावर एक. टोकाशी निमुळते होत गेलेले. आता मान वर करा आणि त्या खिडकीतून बाहेर बघा.

बेद्री : बाहेर काय? गाड्या लागल्यात.

मुअल्ला : गाड्यांच्या वर.

नेबाहत : आपला एर्जियेस डोंगर.

मुअल्ला : एर्जियेस.

बेद्री : छे!

मुअल्ला : खालची ओळ वाचते. कैसरिया. आपल्या शहराचं तेव्हाचं नाव. आपण आज कायसेरी म्हणतो ते त्यावरूनच आलं. शेवटी दोन अक्षरं आहेत ती सालासाठी, आणि हा त्रिकोण म्हणजे चार. पोराच्या राज्याचं चौथं वर्ष. बेद्री बे, हे नाणं इथेच पाडलंय. तुमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर कुठेतरी. आणि तेव्हा इथले लोक या डोंगराला देव मानायचे, म्हणून तो वेदीवर बसलाय.

बेद्री : मग ते इथून तिकडे गेलं असेल. व्यापारी नेतात, सैनिक नेतात. अठराशे वर्षं पडलीत मधे! कोझानाला पोचलं, तिथे आजीला मिळालं, आणि ती परत घेऊन आली.

मुअल्ला : होऊ शकतं. असली तांब्याची नाणी फार लांब जात नाहीत. आपल्या गावात चालायची, भाकरी-कांद्याला. तरी होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही. पण हे भोक बघा.

बेद्री : भोक आजीनेच पाडून घेतलं असणार. गळ्यात घालायला.

मुअल्ला : दोरा ओवून सोडलं तर सम्राट कसा लटकतो?

नेबाहत : उलटा. डोकं खाली.

मुअल्ला : आणि डोंगर?

नेबाहत : सरळ.

मुअल्ला : ज्याने भोक पाडलं त्याला माणूस उलटा चालला, पण डोंगर सरळ हवा होता. आणि भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. बऱ्याच वर्षांचा दोरा आहे हा, एका लहान मुलीचा नाही. मला सांगा, कोझानाच्या माणसाला हा डोंगर कसा ओळखू येईल? तुम्ही याच्या पायथ्याशी जन्मलात, तरी पोळं म्हणत होतात.

बेद्री : ते वडील म्हणत होते.

नेबाहत : बेद्री, गप्प बस जरा. म्हणजे आजीला हे इथे आल्यावर मिळालं?

मुअल्ला : माझा अंदाज. तुमची आजी कुठे राहायला आली?

नेबाहत : इथे जवळच, तालासला, वरच्या आळीत. तिथल्या ख्रिस्ती लोकांचं घर होतं ते. ते गेले आणि सरकारने आजीच्या वडिलांना दिलं.

मुअल्ला : मग ते त्या घरातलं असेल.

बेद्री : म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? माझ्या आजीने चोरलं?

मुअल्ला : मी नाणी ओळखते, बेद्री बे. आज्या नाही.

बेद्री : वा! सकाळी मी सिकंदराचा वारसदार होतो. आता जेवायच्या आत चोराचा नातू झालो. चार पानी भाषण! बसभर माणसांना सांगितलंय मी! तिकडे कुणीतरी माझ्यासाठी खड्डासुद्धा खणून ठेवलाय!

नेबाहत : आईला फोन लाव.

बेद्री : आईला कशाला? शहाऐंशी वर्षांच्या बाईला फोन करून विचारू, की तुझी आई चोर होती का?

नेबाहत : तू नको विचारूस. मी विचारते. दे तो फोन.

(नेबाहत फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करते.)

सादेत : कोण आहे? लवकर बोला. मांतीच्या पुरचुंड्या वळतेय मी, दोन्ही हात पिठात आहेत.

नेबाहत : आई, मी नेबाहत. बेद्रीपण आहे इथे. आम्ही नाणं दाखवायला आलोय.

सादेत : कुणाला?

नेबाहत : संग्रहालयात. मुअल्ला हानम आहेत. त्या म्हणतात, नाणं इथलंच आहे. कायसेरीचं.

सादेत : मग? कुठलं असणार?

बेद्री : कोझानाचं! आई, आजीने घागऱ्यात शिवून आणलं ना ते?

सादेत : आणलं? कुणी सांगितलं आणलं म्हणून?

बेद्री : तूच!

सादेत : मी कधी? तुझ्या बापाने सांगितलं. आमच्या लग्नात कुणीतरी विचारलं, हे गाठोड्यात काय, तर त्याने तिथल्या तिथे घागरा शिवला. पुढच्या वर्षी बोट आली. तू जन्मलास तोवर बोटीत माणसं मरायला लागली होती.

बेद्री : आणि तू पन्नास वर्षं ऐकत बसलीस?

सादेत : एवढं रंगून सांगायचा तो. पाहुणे ऐकत बसायचे, चहा थंड व्हायचा. त्यात मधेच तोंड घालून सांगू, की असं नाही हो? आणि माझी आई पण समोर बसून ऐकायची. ती काही बोलली नाही, तर मी कोण?

नेबाहत : आई, मग आजीला ते कुठे मिळालं?

सादेत : त्या बाई ऐकतायत का?

मुअल्ला : ऐकतेय, सादेत हानम. तुमची हरकत असेल तर बाहेर जाते.

सादेत : बसा बसा. कुणीतरी शहाणं असू दे तिथे. हे बघा, आमच्या घरचे तालासला आले तेव्हा त्या घरातली माणसं अजून गेली नव्हती. त्यांच्या गाड्याच आल्या नव्हत्या. मग दीड महिना दोन्ही घरं एका छपराखाली. ते वर, आम्ही खाली, चूल एकच. त्यांची एक मुलगी होती, माझ्या आईएवढी. एव्लाम्बिया. दोघी दिवसभर बरोबर. पण बोलणार कशा?

बेद्री : का? तोंडाने!

सादेत : कुठल्या तोंडाने? आम्ही मुसलमान, पण तिकडे घरात ग्रीकच बोलायचो. माझ्या आईला तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. आणि ते ख्रिस्ती, पण पिढ्यान्पिढ्या तुर्कीच बोलायचे. ग्रीकचा गंध नाही. तुर्क म्हणून आणलेल्यांना तुर्की येईना, ग्रीक म्हणून धाडलेल्यांना ग्रीक येईना. कुणी केली अदलाबदल, तोच जाणे.

मुअल्ला : हो. तशी बरीच घरं होती.

सादेत : तर दोघी खुणांनी खेळायच्या. नावं तेवढी यायची, नावाला काय भाषा लागते. मग गाड्या आल्या. सगळी आळी रडतेय, गाठोडी चढतायत. एव्लाम्बियाच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ, आणि तो सारखा तिच्या गळ्यातलं नाणं ओढून तोंडात घालतोय. तिने वैतागून ते काढलं, माझ्या आईच्या हातावर ठेवलं, काहीतरी बोलली आणि भावाला गाडीवर चढवायला वळली. त्याला चढवला, पाठोपाठ तिला कुणीतरी उचलून वर टाकली. आणि गाडी सुटली.

नेबाहत : आणि नाणं राहिलं.

सादेत : माझ्या आईला वाटलं, जाताना आठवण म्हणून दिलं. पोरगी गाडीतून हात हलवत होती, तर ही पण हलवत होती. नाणं दाखवून दाखवून. खूश होऊन.

बेद्री : मग! दिलं की तिने! चोरलं कुठे? ऐकलंत का, बाई? दिलं! मग आई, हे आधी का नाही सांगितलंस? किती सुंदर गोष्ट आहे ही! हीच घालतो भाषणात.

सादेत : बेद्री.

बेद्री : काय?

सादेत : एकदा तरी शेवटपर्यंत ऐक. तुला पोटात असल्यापासून घाई.

नेबाहत : बोल, आई.

सादेत : दोन वर्षं गळ्यात मिरवलं तिने ते. झोपताना पण काढायची नाही. मग गावात शाळा निघाली, यांना तुर्की शिकवायला. मास्तर आला शहरातून. एक दिवस पाऊस पडत होता, त्याला दाराचं कुलूप लावायचं होतं, तर त्याने आपली छत्री माझ्या आईच्या हातात दिली आणि काहीतरी बोलला. तिला वाटलं, मास्तरांनी छत्री दिली आपल्याला. का नाही वाटणार? तेच शब्द होते. एव्लाम्बिया बोलली होती तेच. ती छत्री घेऊन सरळ घरी आली, नाचत.

नेबाहत : अगं आई गं.

सादेत : मागून मास्तर आला भिजत. तिच्या बापाने तिला कानफटात दिली, गावासमोर. मास्तर बिचारा भला माणूस. म्हणाला, मारू नका, तिला कळलं नाही. मग तिच्यासमोर बसला आणि शिकवलं. घे म्हणजे काय, आणि धर म्हणजे काय. मी 'घे' नव्हतो म्हणालो, पोरी. 'जरा धर' म्हणालो होतो.

(बेद्री नाणं उचलून तळहातावर धरतो.)

सादेत : ऐकू येतंय ना? फोन बंद पडला का?

नेबाहत : येतंय, आई.

सादेत : त्या दिवशी तिने ते गळ्यातून काढलं. परत कधी घातलं नाही. मला लग्नात दिलं तेव्हा सांगितलं, हे आपलं नाही, कधी कुणी तिकडे गेलं तर पोचतं कर. मी याला तेच सांगितलं. पोचतं कर म्हटलं, तर याने पुर म्हणून ऐकलं.

बेद्री : तू असं अर्धवट सांगतेस आणि वर मलाच बोलतेस! पोचतं कर, पोचतं कर! कुणाला पोचतं कर, हे नको का सांगायला?

सादेत : तू विचारलंस का? तू लगेच फावडं कुठे मिळेल, ते विचारलंस.

बेद्री : आई, अगं ती मुलगी आता जिवंत नसेल.

सादेत : माझी आई तरी कुठे आहे? तिच्या कडेवरचा भाऊ असेल, नाहीतर त्याची पोरं. त्यांना तिकडे आमच्यासारख्यांच्या रिकाम्या घरांतच घातलं असणार. तोंड आहे ना तुला? दुकानात दिवसभर चालवतोस ना? तिकडे चालव. विचार, तालासच्या वरच्या आळीतली माणसं कुठे आहेत. मांतीचं पाणी उकळलं माझं. ठेवते.

नेबाहत : आई, थांब... ठेवला.

बेद्री : आणि नाणं तर न्यायचं नाही.

मुअल्ला : नाही. ते बदलणार नाही, बेद्री बे.

बेद्री : मग काय नेऊ? तुमचा कायदा नेऊ? शंभर वर्षं एक बाई धरून बसलीय, तिची मुलगी धरून बसलीय, आणि आता नेऊन द्यायची वेळ आली, तर तुम्ही म्हणताय इथे ठेवा!

नेबाहत : त्यांच्यावर ओरडू नकोस.

बेद्री : मग कुणावर ओरडू? वडील गेले, मास्तर गेला, तो गाडीवाला गेला. सापडतंय कोण ओरडायला? ह्याच.

मुअल्ला : ओरडा. माझ्याकडे रोज कुणीतरी ओरडतं. पण ओरडून झालं की हे घ्या. दोन्ही बाजूंचे मोठे फोटो काढून देते, वजन, माप, सगळं लिहून. आणि हा मेणाचा गोळा. यात दोन्ही बाजूंचा ठसा उठवते. तो सरहद्दीवर कुणी अडवणार नाही. कुणी सापडलंच, तर त्यांना म्हणावं, इथे येऊन बघा. मी स्वतः कपाटातून काढून त्यांच्या हातावर ठेवेन.

बेद्री : हातावर ठेवाल?

मुअल्ला : ठेवेन. नियमात बसवेन काहीतरी.

नेबाहत : डोंगर नीट उठू दे हं त्या मेणात. याने घासून घासून टोक बोथट केलंय.

बेद्री : ताई, पुरे.

नेबाहत : बरं, पुरे.

मुअल्ला : आता नोंद. नाव तुमचं लिहिते, पत्ता सांगा नंतर. एक रकाना राहिला. नाणं कसं मिळालं? इथे तीन पर्याय आहेत. सापडलं, वारशाने आलं, भेट मिळालं. वारशाने लिहू ना?

नेबाहत : हो. वारशानेच. दुसरं काय?

बेद्री : नाही.

मुअल्ला : मग भेट?

बेद्री : भेट पण नाही. 'जरा धर' म्हणून दिलेलं.

मुअल्ला : बेद्री बे, सव्वाबारा वाजलेत. चौथा पर्याय मला छापता येत नाही.

बेद्री : मग तो रकाना रिकामा सोडा. शुक्रवारी निघतोय, पुढच्या गुरुवारी परत येईन. आलो की आधी इथे येतो.